गिव्ह इन, केव्ह इन आणि आपलं 'शेवटी ऐकलं': नाइलाजाने हो म्हटलं हे इंग्रजीत नीट कसं सांगायचं

मागच्या महिन्यात माझ्या संध्याकाळच्या बॅचमधला एक मुलगा इंटरव्ह्यू देऊन आला आणि तोंड पाडून मागच्या बाकावर बसला. एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये चार वर्षं स्टोअर सांभाळतोय, कामाला चोख आहे, इंग्रजी समजतं पण बोलताना अडखळतो. इंटरव्ह्यूत त्याला विचारलं की वरिष्ठांशी मतभेद झाला तर तुम्ही काय करता, आणि त्याने घडलेली गोष्ट सांगितली, की साहेब रविवारी कामावर यायला सांगत होते, मी तीन आठवडे नाही म्हणत राहिलो आणि शेवटी ऐकलं. हे 'शेवटी ऐकलं' त्याने "सो फायनली आय गेव्ह अप" असं सांगितलं. समोरच्या बाईंनी लगेच विचारलं, "यू लेफ्ट द जॉब?" हा गडबडला, "नो नो, आय गेव्ह अप, आय वर्क ऑन संडे" म्हणाला, मग त्या अजून गोंधळल्या, आणि पुढची सगळी मुलाखत हाच गुंता सोडवण्यात गेली.

चूक एवढीच, की 'इन'च्या जागी 'अप' आलं. गिव्ह अप म्हणजे प्रयत्न सोडणं, नाद सोडणं, नोकरीबद्दल बोलताना तर सरळ नोकरी सोडणं. त्याला म्हणायचं होतं गिव्ह इन. त्या दिवशी ठरवलेला धडा बाजूला ठेवून आम्ही दीड तास या एकाच शब्दावर बसलो, फळा दोनदा पुसला, आणि मला वाटतं की हे नीट लिहून ठेवावं, कारण 'मनात नव्हतं पण हो म्हटलं' हे आपण घरात, ऑफिसात, नातेवाईकांत रोज करतो आणि इंग्रजीत सांगायची वेळ आली की अडतो.

पायरी पहिली: अर्थ पाठ करू नका, आधी चित्र बघा

सुरुवात केव्ह इनपासून करू, कारण याचं चित्र डोळ्यासमोर लगेच येतं. केव्ह म्हणजे गुहा, मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ पोकळ. जमीन, खाणीचं छत, बोगदा, खड्ड्याची कड वरच्या भाराने आत कोसळली की इंग्रजीत म्हणतात इट केव्हड इन. १२ नोव्हेंबर २०२३ ला उत्तराखंडमधल्या सिलक्यारा बोगद्याचा एक भाग कोसळून ४१ कामगार आत अडकले होते आणि २८ तारखेला सगळे सुखरूप बाहेर आले, आठवत असेल. तसं कोसळणं म्हणजे केव्ह-इन. माणसाने दबावाखाली नमतं घेतलं या अर्थाने हा शब्द एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत रुळला. म्हणजे भिंत उभी होती, बाहेरून भार वाढत गेला, भिंतीने बराच वेळ धरून ठेवलं, आणि मग गेली आत.

आता इथे मराठी माणसासाठी एक मोठा खड्डा आहे आणि तो कुठल्या डिक्शनरीत सापडत नाही. आपल्याकडे यासाठी अगदी नेमका शब्द आहे, खचणं. पावसाने विहिरीची कड खचली, रस्ता खचला. तिथपर्यंत दोन्ही भाषा बरोबर चालतात. पुढे मात्र वाटा फुटतात, कारण मराठीत खचतं ते मन, धीर, उमेद. निकाल लागला आणि पोरगं खचलं. इंग्रजीत केव्ह इन होतो तो नकार, तो निश्चय. त्यामुळे 'निकालानंतर मी खचलो' याचं "आय केव्हड इन आफ्टर द रिझल्ट" केलं तर ऐकणाऱ्याला वाटेल की निकालानंतर कुणीतरी मागे लागलं आणि तुम्ही त्याचं ऐकलं. खचलो सांगायचं तर "आय वॉज क्रश्ड" किंवा "आय वॉज डिव्हास्टेटेड" म्हणा. माझ्या बॅचमध्ये ही चूक सगळ्यात हुशार मुलं करतात कारण त्यांना 'कोसळणं' हा मूळ अर्थ माहीत असतो आणि ते त्यावरून पुढचा अर्थ स्वतःच बांधतात.

पायरी दुसरी: तीन गोष्टी आहेत का ते तपासा

गिव्ह इन किंवा केव्ह इन वापरायच्या आधी मनात तीन प्रश्न विचारा. कुणी मागे लागलं होतं का, तुम्ही आधी नाही म्हणत होता का, आणि शेवटी मनाविरुद्ध हो म्हटलं का? तिन्हीला हो आलं तरच हा शब्द. मित्राने विचारलं चहाला येतोस आणि तुम्ही लगेच निघालात तर ते गिव्ह इन नाही, ते नुसतं "आय सेड येस". दुकानदाराने भाव सांगितला आणि तुम्हाला पटला तर ते अग्रीड. पण त्याच मित्राने तीन वेळा फोन केला, तुम्ही काम आहे काम आहे म्हणत राहिलात आणि चौथ्या फोनला चप्पल घातली, तर ते खास गिव्ह इन.

मागे लागणारा माणूसच पाहिजे असं नाही. स्वतःचं मनही मागे लागतं. डाएट सुरू करून चार दिवस झाले, कोपऱ्यावरच्या गाडीवर वडे तळायला टाकलेत, वास येतोय, आणि तुम्ही थांबलात, तर "आय गेव्ह इन टू टेम्प्टेशन". हे अगदी बरोबर इंग्रजी आहे.

आणि आपल्याकडचा सगळ्यात मोठा दबाव म्हणजे भीड. कुणी धमकी देत नाही, आवाज चढवत नाही, नुसतं "अहो तुम्ही नाही म्हणणार नाही हे माहितीये मला" म्हणतात आणि आपण अडकतो. भीड भिकेची बहीण असं जुनी माणसं म्हणायची ते उगाच नाही. पण इंग्रजीत भिडेखातर हो म्हटलं हे सांगताना केव्हड इन वापरलं तर फार आदळतं, असं वाटतं की समोरच्याने जोर लावला. तिथे "आय कुडन्ट से नो टू हर" हे साधं वाक्य भीड बरोबर पकडतं. मी तर म्हणेन हे वाक्य पाठच करून ठेवा.

पायरी तिसरी: वाक्य बांधायचं कसं

इथे जरा सावकाश जाऊ, कारण नव्वद टक्के गोंधळ इथेच होतो असं माझं मत आहे.

सगळ्यात सोपा साचा म्हणजे पुढे काहीच न लावणं. "आय गेव्ह इन." "दे केव्हड इन." वाक्य पूर्ण झालं. रूपं गिव्ह, गेव्ह, गिव्हन आणि केव्ह, केव्हड, केव्हड. अमेरिकेत बोलताना इन गाळून नुसतं "आय केव्हड" सुद्धा सर्रास म्हणतात, सिनेमात ऐकू आलं तर चुकीचं समजू नका.

कुणाच्या पुढे नमलो हे सांगायचं तर टू. "शी गेव्ह इन टू हर सन." "द कंपनी केव्हड इन टू प्रेशर." टूच्या पुढे माणूस येतो, दबाव येतो, मागणी येते. लिहिताना हे इन आणि टू दोन वेगळे शब्द ठेवायचे, जोडून इंटू केलं की अर्थच बदलतो. गाडी झाडावर आपटते तेव्हा इंटू लागतं, नमताना नाही. मोबाइल आपोआप जोडून टाकतो, तेवढं बघून घ्या.

कशाच्या बाबतीत नमलो हे सांगायचं तर ऑन. "दे केव्हड ऑन द प्राइस", म्हणजे भावाच्या बाबतीत ढिले पडले. हे जास्त बातम्यांत आणि बिझनेसच्या बोलण्यात दिसतं.

आणि नमून पुढे काय केलं हे सांगायचं तर अँड. इथे आपण मराठीतून विचार करतो 'फोन घ्यायला तयार झालो', म्हणून तोंडातून "आय गेव्ह इन टू बाय अ फोन" निघतं. नाही चालत. "आय गेव्ह इन अँड बॉट हिम अ फोन" असं म्हणायचं. आधी नमलो, मग घेतला, दोन क्रिया, मध्ये अँड. आपल्याच मराठीतलं 'ऐकलं आणि घेऊन दिला' आठवा, अगदी तीच बांधणी आहे. 'तयार झालो' हेच म्हणायचं असेल तर मग "आय अग्रीड टू बाय हिम अ फोन", तिथे टू पुढे क्रियापद चालतं.

मध्ये कर्म घुसवू नका. "आय गेव्ह इट इन" म्हटलं तर अर्थ निघतो की मी ते जमा केलं, कारण गिव्ह इनचा दुसरा अर्थ वही किंवा फॉर्म जमा करणं असाही आहे, ब्रिटिश शाळांत मास्तर म्हणतात "गिव्ह इन युअर होमवर्क". गंमत म्हणजे शब्द तेच, पण ऐकणारा कर्म आहे का नाही यावरूनच अर्थ ओळखतो.

किती वेळ धरून ठेवलं हे सांगायला आफ्टर जोडा, वाक्याला लगेच जीव येतो. "आफ्टर थ्री वीक्स, आय गेव्ह इन अँड स्टार्टेड वर्किंग ऑन संडेज." आमच्या त्या मुलाला हेच वाक्य हवं होतं. त्याने ते त्या दिवशी आठ वेळा म्हटलं, पहिल्या तीन वेळा अपच येत होतं, चौथ्यांदा इन आलं.

पायरी चौथी: आवाज

नुसतं वाचून बोलायला गेलात तर "गिव्ह... इन" असे दोन तुकडे पडतात. जोडून म्हणा, गि-व्हिन. केव्ह इन म्हणजे केऽ-व्हिन. भूतकाळात केव्ह-डिन. जोर नेहमी इनवर. फक्त नाम असेल, म्हणजे बोगद्याचा केव्ह-इन, तेव्हा जोर केव्हवर येतो. एवढं बास, यात फार अडकू नका.

पायरी पाचवी: भावकी ओळखा

एकट्या गिव्ह इनने भागत नाही कारण नमण्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या असतात, आणि आपली मराठी यात इतकी श्रीमंत आहे की तिचाच आधार घेऊन इंग्रजी शिकावं असं मला मनापासून वाटतं. मी मुलांना उलटं शिकवते, आधी मराठीत नेमकं काय झालं ते ठरवा, मग इंग्रजी शब्द उचला.

शेवटी ऐकलं, नमतं घेतलं, हे गिव्ह इन. यात फारसा अपमान नाही, आईने लेकराचं ऐकलं तरी चालतं. गुडघे टेकले, हे केव्ह इन, यात ऐकणाऱ्याला वाटतं की अजून धरून ठेवायला हवं होतं. पड खाल्ली, म्हणजे आधी ताठ भूमिका घेतली, दावा केला, धमकी दिली आणि मग मागे सरकलात, हे बॅक डाउन. ऐनवेळी शब्द फिरवला, हे बॅक आउट, यात दबाव असो नसो. कच खाल्ली, भीतीने अवसान गळालं, हे लूज युअर नर्व्ह किंवा बोलीत चिकन आउट. नांगी टाकली, हात टेकले, आता माझ्याच्याने होत नाही, हे गिव्ह अप. मन द्रवलं, पाघळले, कडकपणा सोडला, हे रिलेंट. मान खाली घालून दुसऱ्याचं राज्य मान्य केलं, हे नकल अंडर. नकल म्हणजे बोटाचं पेर, पण पूर्वी हा शब्द कुठल्याही सांध्याला म्हणजे गुडघ्यालाही वापरत, त्यामुळे नकल अंडर म्हणजे गुडघे टेकणं असं मानतात, आणि नकल डाउन हा मात्र वेगळाच, त्याचा अर्थ नेटाने कामाला लागणं, या दोघांची अदलाबदल करू नका.

आणि बधला नाही? "ही वुडन्ट गिव्ह इन" किंवा "ही वुडन्ट बज". बज म्हणजे जागचं हलणं. ज्याने भरीस पाडलं त्याच्या बाजूने सांगायचं तर टॉक इंटू, "ही टॉक्ड मी इंटू इट", त्याने मला भरीस पाडलं.

आता सगळ्यात महत्त्वाचा फरक, गिव्ह इन आणि कम अराउंड. कम अराउंड म्हणजे पटणं, मन खरंच वळणं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, दोन्हीत माणूस हो म्हणतो. इतिहासातलं एक उदाहरण मला यासाठी फार आवडतं. इंग्लंडचा राजा जॉन, १२१५ साल. सरदारांनी बंड केलं, मे महिन्यात लंडन ताब्यात घेतलं, आणि जूनमध्ये थेम्स नदीकाठी रनीमीडच्या कुरणात राजाला मॅग्ना कार्टाला मान्यता द्यावी लागली. पण राजाचं मन वळलं नव्हतं. त्याच ऑगस्टमध्ये पोप तिसऱ्या इनोसंटने ती सनद रद्दबातल ठरवली, तीही राजानेच दाद मागितल्यावर, आणि पुन्हा युद्ध पेटलं. ही गेव्ह इन, बट ही नेव्हर केम अराउंड. दोन शब्दांमधलं अंतर यापेक्षा चांगलं मला सांगता येत नाही.

घरातलंही सांगते. माझ्या बाबांना कमी ऐकू यायला लागलं तेव्हा श्रवणयंत्र लावायला ते दोन वर्षं तयार नव्हते. आई बोलली, मी बोलले, भावाने पुण्याहून फोन करून करून सांगितलं. शेवटी एका दिवाळीत ते आमच्याबरोबर गेले, यंत्र घेतलं. आम्ही समोर असलो की कानात, आम्ही आत गेलो की काढून निळ्या मखमलीच्या डबीत, आणि डबी टीव्हीच्या मागे. ते गिव्ह इन होतं. मग मार्चमध्ये माझी लेक त्यांच्या शेजारी ओट्यावर बसून हळू आवाजात कविता पाठ करत होती, त्या दिवशी यंत्र कानात होतं, आणि बाबा मध्येच म्हणाले, "तिसऱ्या ओळीत चुकलीस, परत म्हण." त्यानंतर डबी टीव्हीच्या मागून उशाशी आली. सकाळी चष्म्याच्या आधी यंत्र. ते कम अराउंड.

पायरी सहावी: कुठे वापरायचं, कुठे नाही

हे शब्द निवाडा करतात, म्हणजे वापरणाऱ्याचं मत त्यात दिसतं. १९ नोव्हेंबर २०२१ ला पंतप्रधानांनी तीन कृषी कायदे मागे घेत असल्याचं जाहीर केलं. याच घटनेला रिपील म्हटलं की नुसती माहिती, रोल बॅक म्हटलं की थोडं राजकारण, बॅकड डाउन म्हटलं की पड खाल्ली, केव्हड इन म्हटलं की लिहिणारा सरकारला कमकुवत ठरवतोय. घटना एकच आहे. इंग्रजी पेपर वाचताना हेडलाइनमधलं क्रियापद नुसतं बघा, पेपर कुठे उभा आहे ते कळतं. हा सराव मी बॅचला दर शनिवारी देते.

कंपन्यांचंही तसंच. कोका-कोलाने २३ एप्रिल १९८५ ला चव बदलून नवीन कोक आणलं, लोक इतके चिडले, फोन आणि पत्रांचा इतका मारा झाला की ११ जुलैला जुनी चव परत आणत असल्याचं सांगावं लागलं, तीन महिनेसुद्धा झाले नव्हते. टीकाकार म्हणेल "दे केव्हड इन", कंपनीचा माणूस म्हणेल "वी लिसन्ड टू अवर कस्टमर्स". दोघंही खोटं बोलत नाहीत.

यावरून ऑफिसातला नियम काढा. स्वतःबद्दल, मित्रांत, हलक्या गोष्टीबद्दल केव्हड इन खुशाल वापरा, "आय केव्हड अँड ऑर्डर्ड पिझ्झा". साहेबांबद्दल किंवा क्लायंटबद्दल मेलमध्ये चुकूनही नको. "यू फायनली गेव्ह इन, थँक यू" असं एका मुलीने टीम लीडला लिहिलं होतं, तिच्या मनात निव्वळ आभार होते, पण वाचणाऱ्याला ते 'शेवटी वाकलात ना' असं लागलं. तिथे "थँक यू फॉर अग्रीइंग" पुरतं. आणि क्लायंटची मागणी मनाविरुद्ध मान्य करताना "वी विल अकोमोडेट युअर रिक्वेस्ट" लिहा, अकोमोडेटमध्ये आपला मानही राहतो आणि कामही होतं. इंटरव्ह्यूत गिव्ह इन चालतं, पण त्याच्या मागे कारण जोडा, नाहीतर आपण सहज वाकतो असं वाटतं. "आय गेव्ह इन बिकॉज द ऑर्डर वॉज अर्जंट" म्हटलं की तेच वाकणं समजूतदारपणा दिसतं.

पायरी सातवी: सराव

आता वही काढा. मागच्या महिन्याभरात तुम्ही मनाविरुद्ध हो म्हटलेल्या पाच गोष्टी मराठीत लिहा, खऱ्या, बनवलेल्या नकोत, कारण खऱ्या गोष्टीत राग असतो आणि राग असला की शब्द डोक्यात राहतो. प्रत्येकीच्या पुढे मराठीतच लिहा की ऐकलं, पड खाल्ली, कच खाल्ली, पाघळलो, का पटलं. त्यानंतरच इंग्रजी वाक्य, आधी आफ्टर, मग गेव्ह इन, मग अँड. मोठ्याने तीनदा म्हणा.

तोवर ही चार मी देते, खाली उत्तरं आहेत पण आधी स्वतः करा. एक, आजीने गळ घातली म्हणून शेवटी लग्नाला गेलो. दोन, घरमालकाने भाडं वाढवायची धमकी दिली होती पण मग पड खाल्ली. तीन, आईने कितीही समजावलं तरी दादा बधला नाही. चार, सासूबाई आधी माझ्या नोकरीच्या विरोधात होत्या, आता त्याच डबा भरून देतात.

पहिलं, "माय ग्रँडमदर केप्ट इन्सिस्टिंग, सो आय गेव्ह इन अँड वेंट टू द वेडिंग." दुसरं, "द लँडलॉर्ड थ्रेटन्ड टू रेज द रेंट, बट देन ही बॅकड डाउन." तिसरं, "मदर ट्राइड एव्हरीथिंग, बट माय ब्रदर वुडन्ट बज." चौथ्यात बॅचमधल्या सात जणांनी गेव्ह इन लिहिलं होतं आणि एकीने कम अराउंड, मी तिला विचारलं का, तर म्हणाली, मॅडम, नाइलाजाने हो म्हटलेली बाई डब्यात आठवणीने लिंबाची फोड ठेवत नाही.